मुलांना घेऊन कणेरी मठाचं म्युझियम बघायला जावं का? किती वेळ लागेल?

नक्की जा, आणि निवांत जा. कोल्हापुरातून पुणे-बेंगळुरू हायवेने गोकुळ शिरगावच्या बाजूला, साधारण १२ किलोमीटर. सिद्धगिरी मठाने तिथे यंत्रं येण्याआधीचं अख्खं गाव माणसाएवढ्या सिमेंटच्या पुतळ्यांतून उभं केलंय. बरेच जण फोटो काढत तासाभरात बाहेर पडतात, तसं करू नका. बारा बलुतेदारांपाशी थांबा: कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, सुताराची हत्यारं. सुगीला शेतकरी त्यांना वर्षभराच्या कामाचं धान्य द्यायचा, त्यालाच बलुतं म्हणत, हे मुलांना तिथेच सांगा. मोटेजवळ, म्हणजे बैल जुंपून विहिरीचं पाणी वर ओढायच्या सोयीजवळ, तर मुद्दाम रेंगाळा. बैलांच्या अंगाला ताणलेले स्नायू, कासरा धरलेल्याच्या हातावरच्या शिरासुद्धा कोरल्यात. आजी-आजोबा सोबत असतील तर उत्तमच, त्यांच्याकडून जे ऐकायला मिळेल ते पाटीवर नसतं. मला एक गोष्ट खटकते: गाव फार गोडीगुलाबीचं दाखवलंय. याच व्यवस्थेत जातीची उतरंड होती, गावकुसाबाहेरची वस्ती होती. मोठ्या मुलांशी तेही बोला. तीन तास हाताशी ठेवा, बहुतेक सगळं उघड्यावर आहे, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळीच गाठा.