गॅलरीत जायच्या आधी तिची भिंत बघून या

प्रश्न : नमस्कार दादा, मी शहाद्याचा, लग्नाचे फोटो काढतो, स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार भरतो त्याचे फोटो मी ९ वर्षांपासून काढतोय, कुणी सांगितलं म्हणून नाही, मलाच राहवत नाही म्हणून. मागच्या महिन्यात मुंबईच्या २ गॅलऱ्यांना मेलवर ६० फोटो पाठवले, त्यात लग्नातले पण काही चांगले होते ते टाकले, एकीचंही उत्तर नाही. आता प्रिंट काढून बॅगेत घालून सरळ जाऊन धडकू का? घरचे म्हणतात असे फोटो कोण विकत घेतं. तुम्हाला १२ फोटो पाठवतोय.

उत्तर : भाऊ, आधी घरच्यांचं सांगतो. घेतात विकत, पण थोडे लोक घेतात आणि सावकाश घेतात, त्यामुळे स्टुडिओ चालू राहू द्या.

आता मेलचं. तुमच्या १२ मधला तो घोड्याचा जबडा उघडून दात बघणारा व्यापारी, तो फोटो मी रात्री परत परत उघडून बघितला. त्याचा अंगठा घोड्याच्या ओठाखाली रुतलाय, घोड्याचा डोळा सरळ तुमच्याकडे, आणि मागे धुळीत एक पोरगं बादली घेऊन चाललंय. असा फोटो स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या शेजारी ठेवला की दोन्ही फोटो मेले. गॅलरीवाल्याला ६० चांगले फोटो नको असतात हो, त्याला एक काम पाहिजे असतं, म्हणजे १५-२० फोटो जे एकाच गोष्टीबद्दल आहेत आणि एकाच माणसाचे आहेत हे न सांगता कळतं. ते काम तुमच्याकडे आहे, तुम्ही ते लग्नाच्या फोटोंमध्ये दडवून पाठवलं.

हे मी छातीठोक सांगतोय कारण मी स्वतः हेच केलंय. जळगावहून रात्रीच्या गाडीने ८० फोटोंचा अल्बम घेऊन मुंबईला गेलो, न विचारता, एका गॅलरीत. त्यात केळीच्या बागा, अजिंठा, सातपुड्यातली होळी, पक्षी, सगळं. तिथल्या बाईंनी ५-६ पानं उलटली आणि विचारलं, यातलं तुमचं कुठलं? मला उत्तर देता आलं नाही. त्या वाईट वागल्या असं मला तेव्हा वाटलेलं, आज वाटत नाही.

तर गॅलऱ्या मुख्यतः दोन प्रकारच्या, हे नीट समजून घ्या. एक भाड्याने मिळणाऱ्या. मुंबईत काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ साली सुरू झालेली, तिथे अर्ज करायचा, निवड झाली तर भाडं भरून ठराविक दिवस भिंती तुमच्या, आणि नंबर लागायला वर्षं जातात म्हणून अर्ज आत्ताच टाकून ठेवायचा. तिथल्याच वरच्या टेरेस गॅलरीत फोटोग्राफीची प्रदर्शनं लागतात, आधी तिची चौकशी करा. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आहे, महापालिकेचं. दुसऱ्या खाजगी गॅलऱ्या, त्या स्वतः कलाकार निवडतात आणि विकलं की कमिशन घेतात. यातल्या कितीतरी फोटो लावतच नाहीत, फक्त पेंटिंग, तिथे तुम्ही कितीही भारी काम पाठवा, उपयोग नाही. म्हणून मेल करायच्या आधी एकदा गिऱ्हाईकासारखं जाऊन भिंत बघून या. काय साईज लावलीय, काचेवर ट्यूबलाईट चमकते का, किंमत किती लिहिलीय. बॅग घेऊन धडकू नका, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी तर फाईल बाहेरच काढू नका, त्या दिवशी तिथली माणसं दुसऱ्या कलाकाराची असतात. ओळख करा, नाव लक्षात ठेवा, आणि आठवड्याने मेल टाकून वेळ मागा. मेलमध्ये १५ फोटोंची एक हलकी पीडीएफ आणि ५-६ ओळी, कुठला बाजार, किती वर्षं, प्रिंटची साईज, कागद, किती कॉपी काढणार. मराठीत लिहा मग कुणाकडून इंग्रजी करून घ्या, पण त्यात मोठमोठे शब्द घुसू देऊ नका.

प्रिंट सगळ्या काढू नका, ४ पुरे. पण लग्नाच्या अल्बमचा चकचकीत कागद नको, कॉटन रॅगवर, म्हणजे कापसाच्या कागदावर, पिगमेंट इंकची प्रिंट काढा, महाग पडते पण रंग टिकतात, आणि मागचा माउंटबोर्ड, म्हणजे पुठ्ठा, ॲसिड-फ्री घ्या नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात. २४ मेगापिक्सलची फाईल ६००० बाय ४००० असते, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ती साधारण २० बाय १३ इंच होते, त्याच्या दुप्पट करायचा मोह आवरा. आणि एडिशन, म्हणजे १० च कॉपी काढणार असं लिहून दिलं तर ११ वी काढायची नाही, अगदी सख्खा मेहुणा मागायला आला तरी.

अजून एक, जे आपल्याकडे कुणी सांगत नाही. पैसे घेऊन काढलेल्या लग्नाच्या फोटोंचा कॉपीराईट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कायद्याने काढून घेणाऱ्याचा असतो, ते विकायला ठेवू नका. बाजारातले तुमचे आहेत, तरी त्या व्यापाऱ्याला यंदा भेटा, एक प्रिंट हातात द्या आणि चालेल ना म्हणून सही घ्या.

मुंबईला जायच्या आधी चाळीसगावला जाऊन या. केकी मूस यांनी तिथल्या घरात बसून टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून जे टेबलटॉप फोटो केले ते जगभर पोचले, घराचं आता संग्रहालय झालंय. एका दिवसात जाऊन येणं होतं. आणि यंदाच्या यात्रेत मंडपाच्या कापडावर तुमचे १५ फोटो टांगा. घोड्यांची माणसं बघतील, कुठला फोटो खरा आणि कुठला नुसता देखणा ते तोंडावर सांगतील. मग त्या १५ मधून जे उरतील ते गॅलरीला.

प्रश्न : दादा, मी भुसावळची. एका गॅलरीने माझे ३ फोटो ठेवून घ्यायचं कबूल केलंय पण ४५ टक्के कमिशन म्हणतात. ही लूट नाही का?

उत्तर : नाही ताई, ४०-५० टक्के हा चालू रेट आहे, जागा, लाईट, गिऱ्हाईक त्यांचं. फक्त किंमत त्यावरून लावा. १०,००० ला विकला तर हातात ५,५००, त्यातून प्रिंट-फ्रेमचे समजा ३,००० गेले तर उरले २,५००, ते परवडत नसेल तर किंमत वाढवा, पण मग घरून पण त्याच किमतीला विकायचं, गॅलरीत १०,००० आणि व्हॉट्सॲपवर ६,००० असं केलं की विश्वास गेला. कागदावर ४ गोष्टी घ्या, कमिशन, विकल्यावर किती दिवसात पैसे, वाटेत काच फुटली तर कुणाची जबाबदारी, आणि न विकलेला फोटो परत कधी. प्रदर्शनासाठी आधीच रक्कम मागत असतील आणि वर कमिशन पण, तर मात्र सही करू नका, मला कागद दाखवा.