मशीनने खरवडलेलं जुनं डांबर पुन्हा वापरलं तर रस्ता टिकतो का?

तुम्ही विचारलंय की बडोद्यात तुमच्या सोसायटीसमोरचा रस्ता रात्री मशीनने खरवडला, माल डंपरमध्ये भरून नेला आणि ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘हाच माल नव्या रस्त्यात जाणार.’ ही फसवणूक आहे का, तक्रार करावी का?

फसवणूक नाही. उलट न खरवडता वरूनच नवा थर चढवला असता, तर मी तुम्हाला लगेच तक्रार करा म्हटलं असतं. बडोद्याच्या आसपास हॉट मिक्स प्लांटच्या (खडी आणि डांबर गरम करून मिसळणाऱ्या कारखान्यांच्या) लॅबमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी खरवडण्याबद्दल, म्हणजे मिलिंगबद्दल. डांबरी रस्त्याचा वरचा थर चार-पाच सेंटिमीटरचा असतो. दर काही वर्षांनी जुन्यावर नवा, त्यावर आणखी नवा असं करत गेलं की वीतभर उंची सहज वाढते. दांडिया बाजार, रावपुरा या जुन्या भागांत जाऊन बघा, कितीतरी घरांचे उंबरे आज रस्त्याच्या खाली गेले आहेत. बांधताना ते नक्कीच वर असणार. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला आला तसा पूर हा वेगळा विषय. पण तासाभराच्या साध्या पावसात गेटमधून पाणी आत येतं, त्यामागे अनेकदा हे चढत गेलेले थर असतात. तामिळनाडू सरकारने २०२१ मध्ये आदेशच काढला की आधी खरवडा, मग नवा थर टाका, रस्त्याची पातळी वाढता कामा नये. आपल्याकडेही प्रत्येक गल्लीत हेच व्हायला हवं.

आता त्या मालाची किंमत बघा. ७ मीटर रुंद आणि १ किलोमीटर लांब रस्ता ५ सेंटिमीटर खरवडला तर ३५० घनमीटर माल निघतो. वजन साधारण ८०० टन, म्हणजे तीसेक हायवा डंपर. त्यात ५ टक्क्यांच्या आसपास डांबर धरलं तरी ४० टन होतं. बाकी सगळी उत्तम खडी. डांबर आपल्या दाराशी कोयलीच्या रिफायनरीत बनतं, पण ते ज्या कच्च्या तेलातून निघतं त्याचा फार मोठा भाग देश बाहेरून विकत घेतो. खडीचं तर आणखी अवघड. बडोदं नदीच्या गाळावर वसलेलं आहे, पायाखाली दगडच नाही. सेवालियासारख्या ठिकाणी डोंगर फोडून खडी येते. तुमच्या रस्त्यात पडून असलेली खडी एकदा फोडलेली, वाहून आणलेली आणि तुमच्या कराच्या पैशातून विकत घेतलेली आहे. ती पुन्हा वापरायची नाही तर काय करायचं?

खडी म्हातारी होत नाही. डांबर मात्र होतं. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी ते वर्षानुवर्षं कडक होत जातं. लॅबमध्ये २५ अंशाला ठरावीक वजनाची सुई डांबरात किती शिरते ते मोजतात, त्याला पेनिट्रेशन म्हणतात. आपल्याकडे रस्त्याला जे व्हीजी-३० डांबर वापरतात, त्यात नवं असताना हा आकडा किमान ४५ लागतो. जुन्या रस्त्यातून काढलेल्या डांबराचा आकडा २०च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरलेला असतो. एवढ्या कडक डांबराचा रस्ता लोडखाली दबत नाही खरा, पण तडकतो. म्हणून जुना माल नुसता गरम करून पसरला तर तुमची भीती खरी ठरेल. नीट केलेल्या कामात त्याच्याबरोबर नवी खडी आणि नवं डांबर घालतात. जुन्याचं प्रमाण जास्त असेल तर नवं डांबर एक पायरी मऊ, म्हणजे व्हीजी-१० सारखं घेतात किंवा रिजुव्हेनेटर नावाचं तेल मिसळतात. अमेरिकेत १९७३च्या तेलटंचाईनंतर हे तंत्र जोरात वाढलं. तिथला जुना ठोकताळा असा की जुना माल १५ टक्क्यांपर्यंत असेल तर डांबराची ग्रेड बदलायला नको, १५ ते २५ टक्के असेल तर एक पायरी मऊ घ्या आणि त्यापुढे जुनं डांबर वेगळं काढून, तपासून मगच मिश्रण ठरवा. आपल्याकडे यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:१२०-२०१५ ही मार्गदर्शिका आहे, म्हणजे ठेकेदाराने मनाने काढलेली ही टूम नव्हे.

खरी गडबड होते ती प्लांटच्या आवारात. जुना माल थेट ज्योतीसमोर धरता येत नाही, त्यातलं डांबर जळतं आणि काळा धूर सुटतो. म्हणून नवी खडी नेहमीपेक्षा जास्त तापवतात आणि तिच्या उष्णतेने जुना माल गरम होतो. तो माल पावसात उघडा पडून भिजलेला असेल तर ती उष्णता पाणी उडवण्यातच संपते. मग जुनं डांबर नीट मऊ होत नाही, नव्यात मिसळत नाही आणि मिश्रण वरून काळं दिसलं तरी आतून कच्चं राहतं. त्यामुळे ढिगावर शेड हवी. फार उंच ढीग केला तर उन्हात माल चिकटून त्याचे गोळे होतात, म्हणून तोही करायचा नाही. माल चाळून जाड-बारीक वेगळा ठेवायचा, कारण मिलिंगमध्ये खडी फुटते आणि डस्ट वाढते. ही कामं कंटाळवाणी आहेत, बिलात दिसत नाहीत, आणि रस्ता टिकणार की नाही हे त्यांच्यावरच ठरतं.

जेसीबीने उखडलेला माल मात्र मी कधी सहज पास करणार नाही. त्याच्याबरोबर खालची माती, मुरूम, ड्रेनेजच्या चरातला गाळ सगळं येतं. मातीने माखलेल्या खडीला डांबर धरत नाही.

आणखी एक गोष्ट तुमचा रस्ता खरवडायच्या आधी बघायला हवी होती. भेगा जर मगरीच्या पाठीसारख्या असतील (विश्वामित्रीत मगरी आहेत, बडोदेकरांना ही पाठ वेगळी सांगायला नको), तर दोष वरच्या थराचा नसून खालच्या पायाचा असतो. अशा ठिकाणी वर नवं डांबर घाला नाहीतर जुनं, भेगा पुन्हा उमटणारच. तिथे खालपर्यंत खोदून पाया दुरुस्त करावा लागतो. जुना माल थोडं सिमेंट आणि फोम बिटुमेन घालून थंड पद्धतीने पायाच्या थरात वापरता येतो. गरम डांबरात थोडं पाणी सोडून त्याचा फेस करतात, ते फोम बिटुमेन. माझ्या मते शहरात जुन्या मालाचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे. वरचा थर नव्या मालाचा ठेवा, खालचे जुन्याचे करा.

तक्रारीऐवजी वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या आणि त्यात नेमकं विचारा. आमच्या रस्त्याचा माल कुठे ठेवलाय? नव्या मिश्रणात जुना माल किती टक्के आहे? जुन्या डांबराची तपासणी झाली का, मिक्स डिझाइन (मिश्रणात काय किती घालायचं ते प्रमाण) कोणी मंजूर केलं? पहिला प्रश्न सोडू नका. माझ्या अनुभवात जुना माल रस्त्यात गेल्यामुळे झालं नाही एवढं नुकसान तो रस्त्यात न गेल्यामुळे झालेलं आहे. तो कुठल्यातरी प्लॉटच्या भरावात जातो आणि ४० टन डांबर मातीखाली जातं.

काम सुरू होईल त्या रात्री दोघं-तिघं तिथे उभे राहा. व्हीजी-३०चं मिश्रण पसरताना किमान १४० अंश असायला हवं आणि ९०च्या खाली उतरायच्या आत रोलिंग संपायला हवं. साईट इंजिनिअरकडे थर्मामीटर असतो, तुमच्यासमोर लावायला सांगा. खरवडलेला भाग झाडून स्वच्छ केलाय का आणि त्यावर टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून मारायचा डांबराचा पातळ फवारा) सगळीकडे सारखा मारलाय का, तेही बघा. गटाराची झाकणं नव्या पातळीला बसवून घ्या. आणि हे सगळं जूनच्या आत उरकेल असं बघा, कारण एकदा पाऊस लागला की ओल्या ढिगातला माल घ्यायला मी तरी तुम्हाला सांगणार नाही.