इंडेक्स टूवर ‘हिंगणे बुद्रुक’ का?

प्रश्न : आम्ही पुण्यात कर्वेनगरला जुना टू बीएचके रीसेलमधे घेतोय. टोकन दिलंय, आणि काल एजंटने इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला, आधीच्या खरेदीच्या दस्ताचा सारांश) पाठवला तर त्यात गावाचं नाव ‘हिंगणे बु.’! कर्वेनगरचा पत्ताच नाही. सासरे म्हणतात हिंगणे तर सिंहगड रोडला आहे, काहीतरी गडबड आहे, पैसे परत माग. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अहो थांबा, कर्वेनगर म्हणजेच हिंगणे बुद्रुक. सासरेही चुकीचं नाही बोलत, पण ते म्हणतायत ते हिंगणे खुर्द, मुठेच्या पलीकडचं, विठ्ठलवाडीकडचं. आज रिक्षावाल्याला नुसतं ‘हिंगणे’ म्हणालात तर तो राजाराम पूल ओलांडून तुम्हाला तिकडेच नेणार, कारण अलीकडच्या हिंगण्याचं नाव बोलण्यातून जवळजवळ गेलंच. बुद्रुक म्हणजे थोरलं, फारसी बुजुर्गवरून, आणि खुर्द धाकटं, पण इथे थोरल्यानेच नाव गमावलं.

ते गेलं कर्वेअण्णांमुळे. धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठीचा आश्रम 1896 मधे काढला, 1900 मधे तो हिंगण्याला आणला तेव्हा तिथे होती एक झोपडी आणि भोवती माळ. अण्णा फर्ग्युसनमधे शिकवायचे आणि तास संपले की चिखलातून चालत हिंगण्याला यायचे, आश्रमाचं सामानसुमान खांद्यावर (आपल्याला कोथरूडचा सिग्नल जड होतो!). महिला विद्यापीठसुद्धा 1916 मधे इथलंच. मग शहर वाढत आलं, शेतांवर सोसायट्या झाल्या, लोक कर्वेनगर म्हणायला लागले. महसुलाच्या कागदाला मात्र गाव लागतं, म्हणून तिथे अजून मौजे हिंगणे बुद्रुक, तालुका हवेली.

तेव्हा नावावरून टोकन परत मागू नका. खरं बघायचं ते सर्व्हे नंबर (जमिनीचा) आणि हिस्सा नंबर (तिच्या पोटभागाचा). इंडेक्स टू, आधीच्या मालकाचं खरेदीखत आणि सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सगळीकडे तेच आकडे आहेत का ते टिकमार्क करत बघा. आणि ‘बु.’च्या जागी कुठे ‘खु.’ पडलंय का तेही बघा, टायपिंगमधे एका अक्षराने तुमचा फ्लॅट नदीपलीकडे जातो. तसं झालं असेल तर वकिलाकडून चूक-दुरुस्ती दस्त करून घ्या, तो व्यवहाराआधी, आणि आधीच्या मालकाच्या खर्चाने.