डॉट (काचेत चमकता ठिपका दाखवणारी, नेम धरायची छोटी साइट) बसणारं पिस्तूल घ्यायचंय?

व्हिडिओ बघून ग्लॉक ४३एक्स एमओएस (डॉट बसवायची सोय असलेलं बारीक पिस्तूल) डोक्यात बसलं असेल, तर ते आधी काढ. ते ९ एमएम आहे आणि हे बोअर (नळीचं माप) आपल्याकडे साध्या परवानाधारकाला मिळत नाही. पुणे आयुक्तालयातून परवाना मिळालाच (तोही गृहीत धरू नकोस), तर गाडी सहसा ०.३२ बोअरवर येऊन थांबते. पोलीस खात्यात भरती झाला असशील तर हत्यार खातंच देईल.

०.३२ च्या बहुतेक पिस्तुलांच्या स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) डॉटसाठी खाच नसते. म्हणून भोसरीतल्या ओळखीच्या वर्कशॉपात स्लाइड मिलिंगला (खाच कोरायला) टाकू नकोस. शस्त्राची नुसती दुरुस्ती करायलाही कायद्याने परवाना लागतो.

खाच असलेलं मिळालंच, तर ती कुठल्या डॉटच्या मापाची आहे ते आधी विचार. ट्रिजिकॉन कंपनीच्या आरएमआर डॉटचं माप आणि शील्ड कंपनीच्या डॉटचं माप वेगळं. बारीक पिस्तुलावर सहसा शील्डचं चालतं. ठिपका ६ एमओएचा घे (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). १० मीटरवर तो जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर झाकतो, पण डोळ्याला पटकन सापडतो. पिस्तूल उचललं आणि काचेत ठिपकाच नाही, असं सुरुवातीला हमखास होतं. दोष मनगटाचा असतो. चेंबर रिकामं आहे हे दोनदा बघून घरी उचलण्याचा सराव कर.

आपल्या पावसात उघड्या डॉटच्या (ज्याचा दिवा बंदिस्त नसतो) काचेवर थेंब बसला की ठिपका फुटतो. त्यामुळे काचेतून दिसतील एवढ्या उंच लोखंडी साइट हव्यातच.