गोल्ड कोस्टला येताय? मग काउंटरवर आधी माशाचं नाव विचारा

तुमचा प्रश्न वाचला. मुरुडहून थेट ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड राज्यातल्या गोल्ड कोस्टला नोकरीसाठी येताय, वहिनींना पाचवा महिना आहे, आणि काही महिन्यांनी तुमच्या आई राहायला येणार आहेत. घरात सगळे मासे खाणारे, पण आईंना गोमांस आणि डुकराचं मांस चालत नाही. इथल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि टेकअवेत काय मिळतं, काय मागवावं आणि काय टाळावं, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची अलिबागकडची. आधी मेलबर्नला होते, आता बरीच वर्षं गोल्ड कोस्टला राहते. खाण्याचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे उत्तर लांबेल.

आपले मासे मागे सोडून चाललो, असं वाटून घेऊ नका. इथल्या जवळजवळ प्रत्येक मेन्यूवर ज्याचं नाव असतं तो बॅरामंडी म्हणजे आपला जिताडा. त्याच्यासारखा दुसरा कुठला मासा नव्हे, तीच जात. पेण-अलिबागच्या खाचरांतला आणि तळ्यांतला जिताडा ज्याने खाल्लाय, त्याला पहिल्या घासाला ओळख पटते. इथे तो बहुतेक वेळा कातडीसकट तव्यावर कुरकुरीत करून देतात, सोबत लिंबू, सॅलड आणि चिप्स. मसाला म्हणाल तर मीठ-मिरीपुरता. पण मासा ताजा असेल तर तेवढंही पुरतं, हे मला इथे आल्यावरच पटलं. तळ्यात वाढवलेल्या जिताड्याला कधीकधी जो मातकट वास येतो, तो इथेही येतो. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी जंगली बॅरामंडी पकडायला बंदी असते, कारण तो त्याचा अंडी घालायचा काळ. आपल्याकडे जून-जुलैत बोटी किनाऱ्याला लागतात, त्यामागचं कारणही तेच.

सुरमईसुद्धा आहे. तिला इथे स्पॅनिश मॅकरेल म्हणतात, आणि क्वीन्सलँडच्या फिश अँड चिप्सच्या दुकानांत पाटीवर नुसतं ‘मॅकरेल’ लिहिलेलं असेल तर ती सुरमई किंवा तिचीच लहान भावंडं असतात. बांगडा समजून पुढे जाऊ नका. पूर्व किनाऱ्यावर सुरमईचा साठा घटल्यामुळे २०२३ पासून पकडीवर कडक मर्यादा आहेत, म्हणून भाव चढा असतो. तरी घ्याच. मात्र ओळखीपाळखीतल्या कुणी उत्तरेकडे गळाला लागलेली मोठी सुरमई आणून दिली, तर कुठली आहे ते विचारा. प्रवाळाच्या भागातल्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठू शकतं. ते शिजवून किंवा गोठवून जात नाही, आणि माशाच्या वासाचवीवरून कळतही नाही. परवानाधारक दुकानातून घेणं त्यापेक्षा बरं.

चिंबोऱ्या तर पाहतच राहाल. इथला मड क्रॅब हा खाडीच्या चिखलातला आपला मोठा काळपट खेकडाच. क्वीन्सलँडमध्ये मादी पकडायला पूर्ण बंदी आहे आणि नरसुद्धा कवच १५ सेंटीमीटर रुंद असल्याशिवाय घेता येत नाही. त्यामुळे लाखेने भरलेली चिंबोरी इथल्या काउंटरवर मागू नका, मिळणार नाही. नर मात्र असा मांसल असतो की एकाच्या नांगीत ताट भरतं. चिनी आणि मलेशियन रेस्टॉरंटांत तो मिरची किंवा काळी मिरी घालून करतात आणि आपल्या जिभेला तोच सगळ्यात जवळचा. मेन्यूवर बहुतेकदा आकडा नसतो, ‘बाजारभाव’ असतो. मागवण्याआधी वजन आणि किलोचा दर विचारायला अजिबात संकोच करू नका, इथे सगळे विचारतात.

आता टेकअवे. प्रत्येक किनाऱ्यावरच्या वस्तीत एक तरी फिश अँड चिप्सचं दुकान असतंच. आत गेलात की काउंटरमागे मोठी पाटी. तिथे ‘फिश अँड चिप्स’ एवढंच म्हणालात, तर दुकानात जो सगळ्यात स्वस्त मासा असेल तो मिळतो. तो अनेकदा न्यूझीलंडहून गोठवून आलेला होकी किंवा व्हिएतनामचा बासा असतो. होकी वाईट नाही, पण समुद्रासमोर बसून बासा खायला तुम्ही एवढ्या लांब येत नाही आहात. म्हणून माशाचं नाव घेऊन मागा. फ्लॅटहेड मिळाला तर तो पहिला: पांढराशुभ्र, गोडसर, तळल्यावर मोठ्या पाकळ्या सुटतात. व्हायटिंग नाजूक, मुडदुशी आवडणाऱ्यांना हमखास आवडेल. स्नॅपर जरा घट्ट. मग विचारतात, बॅटरमध्ये, क्रम्बमध्ये की ग्रिल? बॅटर म्हणजे मैद्याच्या पिठात बुडवून, क्रम्ब म्हणजे ब्रेडचा चुरा लावून. ग्रिल सांगितलंत तर माशाची खरी चव कळते, आणि बरीच दुकानं तेवढ्याच पैशात किंवा थोडे जास्त घेऊन करून देतात. वर लिंबू मागून घ्या. एका माणसाचं जेवण साधारण १५ ते २५ डॉलरांत होतं. चिप्सचा वाटा एवढा मोठा असतो की दोघांत एक पुरतो.

ऑस्ट्रेलियात खाल्ल्या जाणाऱ्या सागरी अन्नापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. बॅरामंडी हे नाव अस्सल इथलं असलं तरी ताटातला तुकडा आयात केलेला असू शकतो. नॉर्दर्न टेरिटरीत २००८ पासून हॉटेलांना आयात मासा तसा लिहावा लागतो. बाकी देशात १ जुलै २०२६ पासून मेन्यूवर मासा ऑस्ट्रेलियन, आयात की मिश्र हे दाखवणं बंधनकारक आहे. माशासमोर इंग्रजी ए, आय किंवा एम असं अक्षर दिसेल. ते बघायची सवय लावा, दर आणि चव दोन्हींचा उलगडा तिथे होतो.

मेलबर्न-अ‍ॅडलेडकडे कधी गेलात तर पाटीवर ‘फ्लेक’ दिसेल. ती मुशी. गमी शार्क नावाची लहान शार्क, काटा नाही, लहान मुलांना द्यायला सोपी, आणि व्हिक्टोरियात लोक लहानपणापासून तीच खात आलेत. पण वहिनींनी ती सध्या जपूनच खावी. शार्क आणि मार्लिन-स्वोर्डफिशसारख्या मोठ्या माशांत पारा जास्त असतो, म्हणून गरोदर बायकांनी पंधरा दिवसांतून एकदाच, १५० ग्रॅमपर्यंत, आणि त्या पंधरवड्यात दुसरा मासा न खाता घ्यावा, असा इथला सरकारी सल्ला आहे. त्यापेक्षा फ्लॅटहेड, व्हायटिंग, सार्डिन निवांत खाता येतील. कच्ची कालवं, साशिमी म्हणजे कच्च्या माशाचे काप, आणि थंडगार सोललेली कोळंबी मात्र बाळ होईपर्यंत बंद. गरम गरम शिजवलेली कोळंबी चालते. इथल्या मिडवाइफ पहिल्याच भेटीत याची यादी देतात, तिच्याकडे नीट लक्ष द्यायला सांगा.

आईंसाठी जे लिहिते ते फोनमध्ये जपून ठेवा. काही दुकानं चिप्स आणि मासे बीफ टॅलोत, म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. काही जण ते अभिमानाने पाटीवर लिहितात, बाकीचे विचारल्यावर सांगतात. पुष्कळ दुकानांत वनस्पती तेलच असतं, पण विचारल्याशिवाय धरून चालू नका. त्याच कढईत बाकीच्या वस्तूही तळतात, हेही लक्षात असू द्या. त्या वस्तू अशा: चिको रोल हा जाडजूड तळलेला रोल, फ्रँक मॅकेन्क्रो नावाच्या गृहस्थांनी १९५१ मध्ये वॉगा वॉगाच्या जत्रेत पहिल्यांदा विकला. आत कोबी वगैरे असतो, पण बीफही असतं. डिम सिम मेलबर्नची, विल्यम विंग यंग यांनी १९४० च्या दशकात बाजारात आणली. आत मांस आणि कोबी, मांस कुठलं ते दुकानागणिक बदलतं. बॅटर्ड सॅव म्हणजे सॉसेज. आईंना या तिन्ही नकोत. पोटॅटो स्कॅलप त्यांना आवडेल: नाव शिंपल्याचं असलं तरी ती बटाट्याची जाड भजीच. अननसाचं फ्रिटरही छान लागतं. चिप्सवर चिकन सॉल्ट घालू का, असं विचारतील. ते पिवळसर चटकदार मीठ साउथ ऑस्ट्रेलियात जन्मलं, आणि नाव चिकनचं असलं तरी बऱ्याच ब्रँडांत चिकन नसतं. घालायला सांगाच. नुसत्या मिठाच्या चिप्स आपल्याला फिक्या लागतात.

बसून जेवायचं तर महागड्या रेस्टॉरंटच्या आधी सर्फ क्लबात जा. किनाऱ्यावर जीवरक्षकांच्या क्लबांची जेवणघरं आहेत, अगदी वाळूला लागून. दारात नाव नोंदवायचं आणि आत जायचं. काउंटरवर पैसे भरले की हातात एक यंत्र देतात, ते थरथरलं की आपलं ताट आपणच आणायचं. तिथे सॉल्ट अँड पेपर स्क्विड मागवा. मीठ-मिरी लावलेल्या माकुलाच्या तळलेल्या पट्ट्या, सगळ्या देशात सगळीकडे मिळतात आणि क्वचितच बिघडतात. ‘सीफूड बास्केट’ मला पटत नाही. गोठवलेली कॅलमारीची कडी, क्रम्ब लावलेला ओळख न पटणारा मासा आणि क्रॅब स्टिक एका टोपलीत येतात, आणि त्या क्रॅब स्टिकमध्ये खेकडा नसतो, पांढऱ्या माशाचा लगदा असतो. तेवढ्याच पैशात एकच चांगला मासा घ्या. रात्री लवकर पोहोचा. अनेक ठिकाणी साडेआठला स्वयंपाकघर बंद होतं. टीप द्यायची पद्धत नाही, पण रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बिलावर जादा टक्के लावतात, ते मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं.

थंड सीफूड प्लॅटर पाहून पहिल्यांदा तुम्ही थबकाल. कोळंबी, खेकडा, कालवं, सगळं बर्फावर, गरम काहीच नाही. कोळंबी बहुतेकदा ट्रॉलरवरच उकळून लगेच थंड केलेली असते आणि लोक ती सोलून, लिंबू पिळून, गुलाबी सॉसमध्ये बुडवून खातात. नाताळच्या दुपारी इथे घराघरांत हेच असतं. भर उन्हाळ्यातला नाताळ, कोण शेगडीपुढे उभं राहील! सिडनीचं फिश मार्केट तर २३ डिसेंबरच्या पहाटेपासून सलग ३६ तास उघडं असतं. तिखट-आगळाशिवाय कोळंबी कशी खायची, हा प्रश्न तुम्हाला पडणार, पण टायगर प्रॉन एकदा तशीच खाऊन पाहा. त्याच ताटात मोर्टन बे बग असतो, शेवंडीच्या कुळातला चपटा, रुंद डोक्याचा. त्याचं नाव इथल्या, ब्रिस्बेनजवळच्या मोर्टन उपसागरावरून पडलंय, म्हणून इथे आलात की तो चुकवू नका. लसूण-लोण्यात ग्रिल केलेला सर्वांत छान. कालवं डझनावर मिळतात. सिडनी रॉक लहान आणि चवीला तीव्र, पॅसिफिक मोठी आणि मवाळ. ‘नॅचरल’ म्हणजे कच्ची. ‘किलपॅट्रिक’ म्हणजे वर बेकन, म्हणजे डुकराचं मांस, घालून भाजलेली, तेव्हा तीही आईंना नकोत.

इतर राज्यांत फिरायला गेलात तर पर्थला चिली मसल्स, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या रश्श्यातले शिनाणे, पाव बुडवून खायचे. होबार्टला करीड स्कॅलप पाय: शिंपल्यातले गोड मांसल तुकडे पिवळ्या करी पावडरच्या सॉसमध्ये घालून पेस्ट्रीत भरतात. ती कीन्सची करी पावडर टास्मानियात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलीय. आपल्या मसाल्याशी तिचं नातं लांबचं, पण ही पेस्ट्री चांगली लागते. डार्विनला शनिवारी सकाळी पॅरप बाजारात लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधातलं तिखट नूडल्सचं सूप.

पापलेट इथलं नाही. भारतीय दुकानांत गोठवलेलं मिळतं आणि मला ते कधीच रुचलं नाही. त्यापेक्षा मेन बीचला मच्छीमारांच्या सहकारी संस्थेच्या धक्क्यावर सकाळी जा, ट्रॉलरवरून थेट कोळंबी विकतात. आणि माशांच्या दुकानात स्नॅपरची डोकी मागा. इथे बहुतेकांना फक्त काटे काढलेला तुकडा हवा असतो, त्यामुळे डोकी आणि सांगाडे फार स्वस्तात मिळतात. त्याचं कालवण आईंच्या हातचं झालं तर घर लागल्यासारखं वाटेल. नारळाचं दूध, चिंच, कोकम सगळं भारतीय किंवा आशियाई दुकानांत मिळतं.

सोडे, सुकट, घरचा मसाला आणणार असाल तर विमानात मिळणाऱ्या कार्डावर ‘हो’ अशी खूण करून सगळं जाहीर करा आणि बॅगेत वरच ठेवा. काय आत न्यायचं ते तिथला अधिकारी ठरवतो. एखादी पुडी काढून घेतली तरी जाहीर केल्याबद्दल दंड नसतो. लपवलं तर दंड जबर आहे, आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. आईंच्या बॅगेचंही हेच, त्यांना निघायच्या आधी समजावून सांगा.