जुना टीव्ही गेम, नवी पंचाईत

या वेळची सगळी पत्रं सोलापुरातून आली आहेत. बहुतेकांचं कोडं एकच आहे: जुना व्हिडिओ गेम हाती आलाय, आता आधी चालू करून बघायचा की उघडून? आमचं उत्तर शक्यतो एकच राहील, आधी उघडा. कारणं ज्याच्या त्याच्या उत्तरात.

प्रश्न: माळा आवरताना १९९०च्या दशकातला टीव्ही गेम सापडला. दोन रिमोट, चार पिवळ्या कॅसेट आणि काळा अडॅप्टर आहे. घरात आता फक्त एलईडी टीव्ही आहे. अडॅप्टर लावून बघू का? (वाचक, साखर पेठ)

लावू नका. निदान आज तरी नाही.

तुमच्याकडे आहे ती बहुधा निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम या गेमची नक्कल. मूळ यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आलं, पण आपल्याकडे घरोघरी खेळल्या गेल्या त्या त्याच्या नकलाच. कॅसेटच्या तळाच्या सोनेरी पट्ट्या मोजा. दोन्ही बाजूंच्या मिळून ६० भरल्या की जात पक्की झाली. अमेरिकेतल्या एनईएसच्या (फॅमिकॉमच्याच तिकडच्या अवताराच्या) कॅसेटला ७२ असतात, ती यात बसत नाही.

आता अडॅप्टर. ९ व्होल्टचा जुना, जड अडॅप्टर नुसता मल्टिमीटरवर तपासला तर १२-१३ व्होल्ट दाखवतो. त्यात बिघाड काही नाही, भार पडला की तो उतरतो. खरा धोका उलट्या ध्रुवांचा. फॅमिकॉमच्या पिनेत मधे ऋण आणि बाहेर धन असतं. नकलांतही बहुतेक तसंच असतं, पण ‘बहुतेक’वर विसंबून यंत्र जाळायचं कशाला? तळाचे स्क्रू काढा. आत पत्र्याला आवळलेला, तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५वर आणणारा भाग) दिसेल. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंड, उजवा बाहेर पडणाऱ्या ५ व्होल्टचा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक काडी ७८०५च्या मधल्या पायाला आणि दुसरी जॅकच्या मधल्या पिनेला लावा. बीप वाजली तर मधे ऋण. तसाच अडॅप्टर आणा: ९ व्होल्ट डीसी, १ अँपिअर.

दुकानदार म्हणेल, ‘बारा व्होल्टचाही चालतो.’ चालतो, पण ७८०५ पाचच्या वरचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो. यंत्र ०.४ अँपिअर घेतं असं धरलं, तर ९ व्होल्टवर १.६ वॅट उष्णता होते आणि १२ वर २.८. मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत तो फरक बोटाला चटका देऊन कळतो.

उघडलंच आहे तर रेग्युलेटरच्या शेजारचा उभा, गोल कपॅसिटर पाहा. माथा फुगलेला असेल किंवा बुडाशी तपकिरी डाग असेल तर बदला. त्याच्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिलेत तितकेच घ्या. व्होल्टेज मात्र १६ऐवजी २५ चालेल, आणि १०५ अंश तापमानाला टिकणारा मागा, ८५चा नको. डाग देताना धन-ऋण बघून बसवा, कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा ऋण बाजूला. मग कॅसेट न लावता वीज द्या आणि उजव्या पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट येतात का ते तपासा. आले की मगच कॅसेट लावा.

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या काळ्या पडतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, त्यात कानकोरणीचा कापूस बुडवून पट्ट्या पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. खोडरबर वापरू नका, नकली कॅसेटवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ की दोन-चार घासण्यांत खालचं तांबं उघडं पडतं.

टीव्हीला जोडायचं तर मागे पिवळं-पांढरं एव्ही आहे का ते आधी बघा. नव्या टीव्हीत हेच पुष्कळदा ३.५ मिलिमीटरच्या एका भोकात असतं आणि त्याची वायर टीव्हीच्या कंपनीचीच लागते. दुसऱ्या वायरीत तारांचा क्रम वेगळा निघाला तर चित्राच्या जागी घरघर येते. फक्त अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर हवा. गेम चालू ठेवून ऑटो ट्यूनिंग लावा. चित्र आलं पण काळं-पांढरं दिसलं, तर कलर सिस्टिम ‘ऑटो’वरून ‘पाल’वर न्या.

एव्हीतून एचडीएमआय करणारे स्वस्त डबे आम्ही सुचवत नाही. हे गेम २४० ओळींचं चित्र देतात. तो डबा त्याला इंटरलेस्ड, म्हणजे दोन अर्ध्यांत येणारं एकच चित्र, समजतो आणि दोन चित्रं एकमेकांत मिसळतो. मार खाल्लेला मारिओ लुकलुकायला हवा, तो मधूनच गायब होतो. शिवाय बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते.

प्रश्न: त्याच गेमची बंदूक एलईडीवर का चालत नाही? मेकॅनिक म्हणतो सेन्सर गेला. (वाचक, कन्ना चौक)

सेन्सर बहुधा ठीक आहे. बदकं मारायचा खेळ घ्या. घोडा दाबला की गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि पुढच्या चित्रात फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीला त्याच क्षणी उजेड दिसला तर नेम लागला असं धरलं जातं. पिक्चर ट्यूबमध्ये हा उजेड तत्काळ आणि ओळीओळीने पडतो, बंदुकीचं सर्किट त्याच लयीसाठी जुळवलेलं असतं. एलईडी टीव्ही चित्र प्रक्रिया करून उशिरा दाखवतो आणि उजेडही सलग देतो. सेटिंग बदलून उपयोग नाही. ट्यूबचाच टीव्ही लागेल, आणि तो भंगारवाल्याकडे किलोच्या भावात मिळू शकतो. फक्त त्याचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. ट्यूबवर २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो टिकून राहतो. गाडीतून आणताना काच खाली, घडी घातलेल्या चादरीवर. सगळं वजन पुढच्या काचेत असतं.

प्रश्न: मुलासाठी गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची ‘पोकेमॉन फायर रेड’ ऑनलाइन घेतली. दोन दिवसांत सेव्ह गेलं. बॅटरी बदलावी का? (वाचक, जुळे सोलापूर)

खऱ्या फायर रेडमध्ये बॅटरी नसतेच. सेव्ह फ्लॅश चिपमध्ये, म्हणजे वीज नसतानाही लक्षात ठेवणाऱ्या चिपमध्ये, राहतं आणि त्या गेमला घड्याळही नाही. तेव्हा आत बॅटरी दिसली तर कॅसेट नकली, प्रश्न मिटला. सुरू होताना ‘वन एम सब-सर्किट बोर्ड इज नॉट इन्स्टॉल्ड’ असा संदेश येत असेल तर तोही याच आजाराचा.

न उघडता ओळखायचं तर कॅसेट खिडकीजवळ तिरकी धरा. खऱ्या लेबलवर दोन आकडे, कधी सोबत एक अक्षर, दाबून उमटवलेले असतात. छापलेले नव्हे, दाबलेले. समोरून बघाल तर दिसणार नाहीत, उजेड आडवा पडला तरच दिसतात. मग तळाच्या फटीत टॉर्च मारा. पट्ट्यांच्या जरा वर, बोर्डावर ‘निन्टेन्डो’ लिहिलेलं हवं. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा हवा, साधा फुली असेल तर संशय घ्या.

बॅटरीचा प्रश्न खरा आहे तो जुन्या पोकेमॉन ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’मध्ये. तिथे सीआर २०२५ लागते आणि तिच्यावर सेव्ह व घड्याळ दोन्ही चालतं, म्हणून ती लवकर संपते. काढली की सेव्ह पुसलं जातं. ते जपायचं असेल तर आधी कार्ट रीडरने (कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने) संगणकावर उतरवून घ्या. बॅटरी पत्र्याच्या पायांसकट विकत घ्या. नाण्यासारख्या नुसत्या बॅटरीला डाग दिला तर ती तापून फुटू शकते. टेपने चिकटवलेली बॅटरी आज चालते आणि पोरानं कॅसेट आपटली की सेव्ह घेऊन जाते.

प्रश्न: घराला लागून यंत्रमाग आहे. प्लेस्टेशन २ सारखा गरम होतो, पंखा ओरडतो. (वाचक, अक्कलकोट रोड)

आत कापसाच्या तंतूंची गादी झाली असणार. साधी धूळ झटकून निघते, पण सुताची पूड पंख्याच्या पात्यांत आणि हीट सिंकच्या फटींत नमद्यासारखी बसते आणि बाहेरून फुंकलं की आणखी आत जाते. वरचं झाकण काढून, पातं बोटाने धरून ठेवून, मऊ ब्रशने ती गादी उचलूनच काढावी लागते. पातं मोकळं सोडून ब्लोअर मारलात तर पंखा भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. गॅरेजचा कॉम्प्रेसर नको, त्यात पाणी आणि तेल असतं. पुसायला टॉवेलही नको. सोलापूरचा असला तरी नको. त्याचेच धागे लेन्सवर बसतात. चष्म्याचं कापड घ्या. तुमच्या जागी हे काम दर तीन महिन्यांनी करा आणि यंत्र जमिनीपासून निदान दोन फूट उंच ठेवा.

प्रश्न: गेमिंगच्या प्रदर्शनाला जायचं आहे. पुणे बरं की हैदराबाद? आणि अमेरिकेतल्या भावाकडून काय मागवावं? (वाचक, सात रस्ता)

पुणे, मुंबई, हैदराबादच्या कॉमिक कॉनमध्ये गेमिंग असतं, पण भर नव्या गेमवर, टी-शर्टवर आणि पुतळ्यांवर. जुन्या वस्तू हव्यात म्हणून जाणार असाल तर तिकिटाच्या पैशात नुसती कॉमिक कॉन करू नका. पुण्याला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं, तेव्हा बुधवार किंवा रविवार गाठून जुना बाजारही करा. कन्सोल तिथे टेपरेकॉर्डरच्या ढिगात पडलेला असतो आणि विकणाऱ्याला तो ‘चालू माल’ वाटतो. तो चालू आहे की नाही, हे तुम्हालाच ठरवायचं.

म्हणून पिशवीत हे असू द्या: चार्ज केलेला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी (त्यावर जुन्या गेम बॉयच्या कॅसेटही तपासता येतात), चार पेन्सिल सेल, टॉर्च, खात्रीची एक कॅसेट, तीन पाकळ्यांचा स्क्रू ड्रायव्हर आणि ३.८ व ४.५ मिलिमीटरचे गेमबिट (निन्टेन्डोच्या खास स्क्रूंची टोकं). निन्टेन्डोच्या बहुतेक कॅसेट ३.८ने उघडतात, सुपर निन्टेन्डो किंवा निन्टेन्डो ६४ यांची पेटी ४.५ने. विकणारा उघडू देत नसेल तर भाव निम्मा सांगा किंवा पुढे चला. सेव्ह होतं का ते बघताना खेळ सेव्ह करून बंद करा, कॅसेट काढा, एक चहा घेऊन या आणि मग पुन्हा लावा. लगेच लावली तर मेलेली बॅटरीही कधीकधी फसवते.

भावाला पोर्टलंडचं रेट्रो गेमिंग एक्स्पो जवळ पडत असेल तर नशीब काढलंत, फक्त जुन्या गेमसाठी भरणारं ते मोठं प्रदर्शन आहे. हातात धरायचे निन्टेन्डो मागवा: गेम बॉय आणि अ‍ॅडव्हान्सला प्रदेशाचं कुलूप नाही, कुठल्याही देशातली कॅसेट चालते, आणि ते सेलवर किंवा चार्जवर चालतात. टीव्हीला जोडायची यंत्रं मागवण्याआधी त्यांच्या तळाचा शिक्का वाचून घ्या. १२० व्होल्टचा अमेरिकी अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टला लावला तर काही मिनिटांत धूर. नुसता पिनेचा आकार बदलणारा कन्व्हर्टर व्होल्टेज कमी करत नाही, हे दुकानात फार कमी सांगितलं जातं. एनईएसचा मूळ अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो; तो चुकून फॅमिकॉमला लावला की फॅमिकॉम गेला. जपानी फॅमिकॉम हवाच असेल तर १९९३चा, एव्हीवाला. त्याआधीचा अँटेनाच्या वायरीवर जपानच्या चॅनेलवर चित्र देतो, ते आपल्या टीव्हीत सहसा पकडत नाही.

पुण्याहून परतताना घेतलेल्या मालाला आधी प्लास्टिकची पिशवी, मग चादर. चादर थेट गुंडाळली तर तिचे धागे कॅसेटच्या खोबणीत शिरतात.

प्रश्न: पांढरा कन्सोल पिवळा पडलाय. उन्हात ठेवून पांढरा होतो म्हणतात, आपल्याकडे उन्हाला काय तोटा? (वाचक, विजापूर रोड)

नुसत्या उन्हावर भरवसा ठेवू नका. आग लागू नये म्हणून त्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची रसायनं घातलेली असतात, अतिनील किरणांनी तीच रंग बदलतात. ऊन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले तर उजळतं. पार्लरच्या सामानाच्या दुकानातलं ४० व्हॉल्युमचं डेव्हलपर क्रीम म्हणजे १२ टक्के पेरॉक्साइड. बोर्ड, स्प्रिंग, स्क्रू काढून फक्त कवच घ्या, लेबल झाका, क्रीम सारखं फासा, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म घट्ट बसवा आणि दर अर्ध्या तासाने क्रीम हलवून कवच फिरवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, नाहीतर बोटं पांढरी पडून आग होते.

एप्रिल-मेच्या दुपारी हे अजिबात करू नका. क्रीम मधेमधे वाळतं आणि तिथे ढगाळ पट्टे उठतात, ते नंतर जात नाहीत. पातळ कवच वाकतं ते वेगळंच. जानेवारी-फेब्रुवारीत, गड्ड्याची यात्रा आटोपली की, सकाळी करा. पट्ट्यांची धास्ती असेल तर केमिस्टकडचं ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड पारदर्शक टबात घेऊन कवच पूर्ण बुडवा. वेळ जास्त लागतो, रंग एकसारखा येतो. टबाचं झाकण घट्ट लावू नका, आत ऑक्सिजन साठतो. काही वर्षांनी पिवळेपणा परत येतो, हे धरूनच चाला. आणि लाल-काळ्या कवचांवर हा प्रयोग नको, रंग उडतो.

प्रश्न: बजेट थोडं आहे. संग्रह कशापासून सुरू करू? (वाचक, होटगी रोड)

प्लेस्टेशन २. यंत्रं भरपूर, सुटे भाग मिळतात आणि डिस्कवरच्या रेघा डोळ्यांनी दिसतात, नकली कॅसेटसारखी छुपी फसवणूक कमी. मेमरी कार्ड मात्र ८ एमबीचं मूळचंच घ्या, ६४ एमबीची स्वस्त कार्डं सेव्ह गिळतात. २००९चा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ खोक्यासकट दिसला तर सोडू नका. संपूर्ण भारतात बनलेला प्लेस्टेशन २चा हा पहिला गेम, हैदराबादच्या ऑरोनाने केलेला. खेळायला तो सुमार आहे, पण ठेवायला हवाच.