चामखीळ आणि ‘जालीम’ औषधाचा हट्ट

“मॅडम, यातलं सगळ्यात जालीम कोणतं?” मोबाइल माझ्यापुढे धरत त्याने विचारलं. ऑनलाइन मागवायच्या यादीत तीन बाटल्या: सॅलिसिलिक अ‍ॅसिड, ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. मुलगा एमपीएससी करणारा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. उजव्या हाताला, नखांच्या कडेने चामखिळी. रूममेटने बादली वेगळी केलेली, मेसमध्ये हा डाव्या हाताने वाढून घ्यायचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

त्वचारोगाच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा. चामखीळ एचपीव्ही या विषाणूमुळे येते. ही रसायनं त्या विषाणूला शोधून मारत नाहीत, त्याने बिघडवलेली कातडी काढतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिड, बहुधा १७ टक्क्यांचं, कडक थर पापुद्र्या-पापुद्र्याने सोडवतं. पोटॅशियमवालंही तेच करतं, पण जास्त झोंबतं. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक मात्र कातडीतली प्रथिनंच गोठवतं, लावल्या जागी पांढरं पडतं. ते डॉक्टरांच्या हातात ठीक. खोलीत बसून लावलं आणि ओघळलं, तर चामखीळ जाईल पण व्रण राहील. गावाकडचा बिब्बा नि चुना याच जातकुळीतले.

उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात चामखिळीच्या औषधांच्या ८५ चाचण्या तपासल्या गेल्या. लावायच्या औषधांत साध्या सॅलिसिलिकचीच बाजू भक्कम निघाली. फायदा माफक, पण खरा. डॉक्टरांनी तेच लिहून दिलं: रात्री बोटं पाच मिनिटं कोमट पाण्यात, मऊ झालेला थर वेगळ्या कानशीने घासायचा, भोवती व्हॅसलीन, मग थेंब. रोज, १२ आठवडे.

“तोवर माझी पूर्व परीक्षा होऊन जाईल!”

हे म्हणताना तो अंगठ्याच्या कडेची कातडी दातांनी सोलत होता. अभ्यासिकेत दिवसभर हेच चालतं, म्हणाला. विषाणूला शिरायला अशीच फाटकी कातडी लागते. जालीम औषध आणलं असतं तरी दुसऱ्या बोटाला नवी आली असती. मग रसायनं बाजूला राहिली. बोटं तोंडात कधी जातात ते वहीत लिही, म्हटलं. बहुतेक नोंदी सराव परीक्षेचे गुण पाहिल्यावरच्या आणि घरून फोन आल्यावरच्या निघाल्या. घरच्यांना काय सांगायचं यावर आम्ही जितकं बोललो, तितकं चामखिळीवर नाही.

चेहरा, गुप्तांग आणि मधुमेहींचे पाय इथे यातलं काहीही स्वतःहून लावू नये, हेही त्याला सांगितलं होतं. ते त्याने रूममेटला सांगितलं असावं, कारण पुढच्या खेपेला तोही सोबत आला. टाचेला भोवरी झालीय म्हणे. डॉक्टरांनी वरचा थर तासला तर आत बारीक काळे ठिपके, गोठलेल्या केशवाहिन्यांचे. भोवरीत ते नसतात. बादली वेगळी करणाऱ्याच्या पायालाही चामखीळच होती.